नाताळात न आलेला फ्लॉवर

"फूलगोबी किधर है?" मेसच्या खानसाम्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

चंद्राबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं, "न्हाई. म्यागं राहिली. मेथी घ्या, वांगी घ्या. गोबी न्हाई."

"तो फिर ये क्या है?"

खानसाम्यानं वर बोट केलं. चंद्राबाईंच्या डोक्यावर दोन बांबूंना बांधलेली एक पाटी होती. छावणीतल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीनं हौसेनं रंगवलेली. हिरव्या पानांच्या मधोमध पांढराशुभ्र, टोपलीएवढा फ्लॉवर. त्या चित्राखाली चंद्राबाई मेथीच्या जुड्या, वांगी आणि ओला हरभरा मांडून बसल्या होत्या. शेजारच्या रांगेत मटार, गाजर, बीट हातोहात जात होतं. त्यांच्यासमोर माणसं यायची, पाटी बघायची, खाली बघायची आणि पुढं जायची.

मी दहा पावलांवर उभा होतो. हातात एक कागद होता. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. तो मी वाचत होतो.

तेव्हा मी शेतकी खात्यात असिस्टंट होतो. वय सत्तावीस. साल पंचावन्नच्या आसपासचं. चाकण आणि भोवतालची गावं माझ्याकडे होती. सायकलवरून हिंडायचं, सुधारलेलं बी आणि रोपं द्यायची, लागवड बघायची आणि महिन्याअखेर रिपोर्ट लिहायचा, एवढं काम. चाकण म्हणजे कांदा आणि बटाटा. दुसरं काही लावा म्हटलं की लोक आधी चहा द्यायचे आणि मग विषय बदलायचे.

देहूरोडच्या छावणीत नाताळच्या दिवसांत भाजीला मोठी मागणी असे. माल पुण्या-मुंबईहून फिरून यायचा, तो येईपर्यंत कोमेजलेला. वीस मैलांच्या आत एवढ्या विहिरी असताना हे कशाला, असं माझ्या डोक्यात आलं. नाताळच्या आधीचे चार दिवस आपल्या शेतकऱ्यांनीच तिथं जाऊन बाजार भरवायचा. मधे कोणी नको. छावणीनं चर्चसमोरचं मैदान देऊ केलं. आमचे तालुक्याचे अधिकारी इनामदार साहेब खूश झाले.

"पण वैद्य, फ्लॉवर पाहिजे," ते म्हणाले. "गाजर-मटार कुणीही आणेल. नाताळच्या टेबलावर फ्लॉवर नसेल तर हा कसला नाताळचा बाजार?"

फ्लॉवरची जबाबदारी मी भामा नदीकाठच्या एका वाडीवर टाकली. सहा घरांची वाडी. त्यात खरा शब्द चालायचा तो चंद्राबाईंचा. नवरा मुंबईला गिरणीत. शेती पूर्ण त्यांच्या अंगावर. त्यांनी मला विचारलेलं अजून आठवतं.

"नाताळ कंच्या तारखेला अस्तो? आपल्या सणावानी हालत न्हाई न्हवं?"

"नाही. पंचवीस डिसेंबर. ठरलेला."

"मंग बरं. सण हालत न्हाई, तर आपुन बी हालायचं न्हाई."

त्यांचे चुलतदीर तुकाराम कुरकुरले. "वैनी, कांदा कसा बी जातो. ही इलायती पानं कोन खानार?" चंद्राबाई म्हणाल्या, "म्या बसते हितं. न्हाई गेली तर मला बोला." त्यांच्या त्या एका वाक्यावर पाच घरांनी कांद्याची वावरं फ्लॉवरला दिली.

आता चूक सांगतो. ती समजायला थोडी माहिती लागेल.

भाताच्या जशा हळव्या आणि गरव्या जाती असतात, तशाच फ्लॉवरच्या. हळवी जात लवकर तयार होते. गरवी उशिरा, आणि तिला चांगली थंडी लागते. थंडी पडल्याशिवाय ती नुसती पानं वाढवत बसते, मधे गड्डा धरत नाही. गड्डा म्हणजे आपण खातो तो पांढरा भाग. नाताळला माल हवा तर हळवीच जात लावायला हवी. गरवी जानेवारीच्या मध्याशिवाय हाती लागत नाही.

आमच्या सरकारी नर्सरीत दोन्हींची रोपं होती. एका लांब गादीवाफ्यावर हळवी, दुसऱ्यावर गरवी. शेवटच्या पावसात वाफ्यांवरच्या लाकडी पाट्यांवरची अक्षरं धुऊन गेली. रोपं न्यायला वाडीची माणसं गाड्या घेऊन आली तेव्हा बाबू माळी मला म्हणाला, "साहेब, कुठला वाफा कुठला, ते एकदा रजिस्टरात बघून घ्या. रजिस्टर कचेरीत आहे. मी आणतो जाऊन."

कचेरी नर्सरीपासून दीड मैल. गाड्या उभ्या. वाडीची दहा-बारा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी दोन्ही वाफ्यांतलं एकेक रोप उपटलं, पान बोटावर घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणालो, "रजिस्टर कशाला? जात मी पानावरून ओळखतो. हा हळवा."

तुकाराम म्हणाले, "बगा! शिकल्याली मानसं!"

फ्लॉवरची जात रोपाच्या पानावरून कुणालाही ओळखता येत नाही. मला ते तेव्हाही माहीत होतं. पण ते वाक्य तोंडातून निघून गेलं होतं.

हजारो रोपं गेली. पंधरा दिवसांनी चंद्राबाई पुन्हा आल्या. लावलेल्यांतली काही रोपं मेली होती. अशा रिकाम्या जागी नवी रोपं लावतात, त्याला नांग्या भरणं म्हणतात. पहिला वाफा संपला होता म्हणून बाबूनं उरलेल्या दुसऱ्या वाफ्यातली पंचवीसेक रोपं त्यांना दिली. बाकीची आम्ही आमच्याच प्लॉटवर चार ओळींत लावली.

नोव्हेंबरअखेर बाबू धावत कचेरीत आला. "साहेब, आपल्या चार ओळींनी गड्डे धरले की!"

मी म्हणालो, "अरे, त्या तर गरव्या." आणि म्हणता म्हणताच कपाटाकडे वळलो. रजिस्टर काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, उत्तरेकडचा वाफा हळवा, दक्षिणेकडचा गरवा. मी वाडीला दक्षिणेकडचा दिला होता.

त्या दिवशी वाडीवर गेलो असतो तर ही गोष्ट एवढ्यावर संपली असती. मी गेलो नाही. दुसऱ्याच दिवशी इनामदार साहेबांची चिठ्ठी आली, फ्लॉवर कुठवर आला, लिहून कळवा. मी लिहिलं, "चंद्राबाईंच्या वाडीकडील लागवडीस काहीसा विलंब झाला असून पाण्याच्या पाळ्याही अनियमित आहेत." त्या 'काहीसा'चा मला फार आधार वाटला. पूर्ण खोटं लिहिलं नाही, असं. विलंब एका दिवसाचाही नव्हता आणि मोटेची एक पाळी चुकली नव्हती.

आणखी एक केलं. प्लॉटवरच्या त्या चार ओळी बाजाराच्या आधीच काढल्या आणि गड्डे कचेरीत वाटून टाकले. कुणी विचारू नये म्हणून. इनामदार साहेबांच्या घरीही दोन गेले. वहिनींनी निरोप धाडला, फ्लॉवर फार कोवळा होता. तो निरोप मी हसून ऐकला. बाबूनं मोकळ्या झालेल्या ओळी खुरप्यानं सारख्या केल्या आणि पाणी सोडायला गेला.

तर मी मैदानावर कोरा कागद वाचत होतो आणि इनामदार साहेब आले. बाजार बघून त्यांना आनंद झाला होता. चर्चच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत दोन रांगा. मेसचे खानसामे, लाल-पांढऱ्या कागदी माळा घेतलेल्या बाया, टोपल्या, सायकली. गाजरांचे ढीग तर असे लालबुंद की लांबून दिसावेत. हे सगळं मी उभं केलं होतं आणि खरं सांगायचं तर त्याही अवस्थेत मला त्याचा अभिमान वाटत होता.

साहेब पाटीखाली थांबले.

"काय बाई, लागण उशिरा केलीत ना? आमच्या असिस्टंटांनी लिहिलंय मला. अहो, सरकार रोपं देतं, बाजार देतं, तुम्ही वेळेवर लावायचीसुद्धा नाहीत?"

वाडीतलीच दोन माणसं मागं उभी होती. तुकारामही.

चंद्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मागची एक टोपली पुढं ओढली, वरचं ओलं फडकं काढलं. आत फ्लॉवरचे दहा-बारा गड्डे होते. कवठाएवढे, पण पांढरे आणि घट्ट.

"सायेब, ही नांग्या भरल्याली रोपं. समद्यांच्या म्यागनं पंधरा दिसांनी लावली. ही आली. आदी लावल्याली न्हाई आली. रान त्येच, पानी त्येच, हात बी माजंच. मंग उशीर कुनाचा वो?"

साहेब गड्ड्यांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "वैद्य?"

मी म्हणालो, "बघतो साहेब."

तेवढ्यात पाटी रंगवणाऱ्या बाईंनी त्यांना लांबून हाक मारली आणि ते गेले. मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं मला अजून माफ करता आलेलं नाही.

खानसाम्यानं ते गड्डे बघितले आणि वाटीभर सोनं सापडल्यासारखा खाली बसला. चंद्राबाईंनी ते त्याला देऊन टाकले. मग फडकं झटकत, माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सायबांनी इचारलं त्येचं ऱ्हाऊ द्या. म्या इचारलं त्येचं काय?"

"सोमवारी येतो वाडीवर."

"या. पर सोमवारी भावजी नांगर घालनार हायती फ्लावरात. बैल सांगून ठिवल्यात. कांद्याचं रोप आनलंय त्यांनी. लवकर या."

म्हणजे असं होतं. वाडीला वाटत होतं की ही रोपं वांझ आहेत. ती वांझ नाहीत, तीन आठवड्यांत गड्डे धरणार आहेत, हे त्या भागात एकट्या मला माहीत होतं. आणि ते का माहीत आहे हे सांगितल्याशिवाय वाडी माझ्यावर विश्वास ठेवणार नव्हती. 'थांबा' एवढंच म्हणालो असतो तर तुकारामांनी विचारलं असतं, कशाच्या जोरावर? पान बघून?

सोमवारी सकाळी पोचलो तेव्हा बैल बांधावर उभे होते. नांगर तुकारामांच्या खांद्यावरून उतरायचा बाकी होता. सहाही घरांची माणसं जमली होती. मोटेचं पाणी तेवढं चालू होतं.

मी सायकल बाभळीला टेकवली आणि एका दमात सांगितलं. रोपं चुकीची दिली. रजिस्टर पाहिलं नाही. पानावरून कळत नाही. हे मला महिनाभर माहीत होतं. साहेबांना तुमच्याविरुद्ध लिहिलं.

मग तुकाराम म्हणाले, "आनि आता तरी खरं बोलताय, ह्येची खातरी काय?"

"खुरपं द्या."

मी एक जोमदार झाड निवडलं. मुळासकट उपटलं आणि देठापासून शेंड्यापर्यंत उभं चिरलं. फ्लॉवर गड्डा धरण्याआधी पोटात तयारी करतो. शेंड्याच्या गाभ्यात, कोवळ्या पानांच्या मुठीत, तांदळाच्या कणीएवढा पांढरा दाणा दिसला की समजायचं, दिवस राहिले. मी दोन्ही फाका हातावर घेऊन उभा राहिलो.

चंद्राबाई वाकल्या. नखानं तो दाणा टोकरला.

"हाय," त्या म्हणाल्या. "बारीक हाय, पर हाय."

तुकाराम वाकले. मग सगळेच वाकले. एका म्हाताऱ्यानं तर तो दाणा चाखून बघितला.

"थंडी पडली तर मकरसंक्रांतीपर्यंत येईल," मी म्हणालो.

"आनि न्हाई पडली तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते."

चंद्राबाई दिराकडे वळल्या. "बैल सोडा भावजी." मग मला म्हणाल्या, "तुमी आमास्नी खोटं पाडलं. त्ये राहिलंच. पर त्ये मागनं. आदी सांगा, संक्रांतीला ही गोबी इकायची कुटं? नाताळ तर झाला तुमचा."

हा प्रश्न खरा होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. भोगीला आपल्याकडे वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरं. चाकणच्या शनिवारच्या बाजारात त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते, पण फ्लॉवरला तिथं कुणी हात लावला नसता. बाजारात मी फ्लॉवरचं नाव काढलं तर एक बाई म्हणाली, "वास येतो वो त्याला." छावणीची मागणी नाताळ संपला तशी संपली होती.

चार दिवस सायकल हाणली. आकुर्डी, चिखली, कासारवाडी. शेवटी पिंपरीला आलो. तिथं फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची मोठी वसाहत होती आणि शेजारी औषधांचा नवा कारखाना उभा राहत होता. वसाहतीतल्या एका दुकानात फ्लॉवर दिसला. पिवळा पडलेला, दोन दिवसांचा, आणि त्याच्यापुढं बायांचं भांडण चाललेलं. मी तिथंच उभा राहून ते भांडण ऐकलं. इतकं गोड भांडण मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

एका म्हातारीला विचारलं, "माँजी, ताजी गोबी मिले तो?"

"बेटा, अपने मुलुक जैसी गोबी यहाँ कहाँ?" ती म्हणाली. "लाल लोई आ रही है. कोई ला दे तो दुआ दूँगी." लाल लोई म्हणजे त्यांचा थंडीतला सण, शेकोटीचा. आपल्या संक्रांतीच्या आगेमागेच येणारा.

इनामदार साहेबांकडे गेलो.

"पुन्हा बाजार?" ते म्हणाले. "वैद्य, आपलं खातं शेतीचं आहे की जत्रांचं?"

"साहेब, वाडीचा फ्लॉवर तयार होतोय."

"म्हणजे उशिरा लावलेला?"

इथं मला दुसरी संधी होती. मी म्हणालो, "हो साहेब, उशिरा येणारा."

त्यांनी सही केली.

मग थंडीची वाट. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी आभाळ आलं आणि हवा उबदार झाली. मी रोज सकाळी दार उघडून आधी हात बाहेर काढायचो. पाचव्या दिवशी आभाळ निवळलं आणि अशी थंडी पडली की नदीवर धूर दिसायला लागला. त्यानंतर वाडीवर जे झालं ते मी नोकरीत पुन्हा पाहिलं नाही. एकाच आठवड्यात सगळ्या वावरांनी गड्डे धरले. ऊन लागलं की गड्डा पिवळा पडतो, म्हणून वरची पानं जुळवून बांधावी लागतात. केळीच्या सोपटानं सहा घरांतल्या बायांनी हजारो झाडं बांधली. मी शिकवायला गेलो होतो. दुसऱ्या ओळीतच चंद्राबाईंनी माझी गाठ सोडून दाखवली.

"ही अशी बांधली तर पानी साचंल आत. ही सैल सोडा. शिकल्याली मानसं!"

हसले सगळे. मीही हसलो. त्या हसण्यावर वाडीत मला पुन्हा जागा मिळाली, असं मी समजतो.

भोगीच्या दिवशी सकाळी पिंपरी स्टेशनजवळच्या मोकळ्या जागेत पाच बैलगाड्या लागल्या. पानं सोडली आणि गड्डे उघडे केले. दह्याच्या कवडीसारखे. एकावर डाग नाही. आमच्या छापील पुस्तकातल्या चित्राशेजारी ठेवले असते तर चित्राला लाज वाटली असती. ती नाताळची पाटी तिथं नव्हती. गरजच नव्हती.

पहिल्या घटकेत कुणी आलं नाही. तुकाराम माझ्याकडे बघायला लागले. मग ती म्हातारी आली. तिनं एक गड्डा दोन्ही हातांत घेतला, नाकाला लावला, आणि मागं वळून सिंध्यांच्या त्या गल्लीकडे तोंड करून अशी ओरडली की स्टेशनवरचा हमालसुद्धा उठून बसला. तिच्या भाषेतलं मला अक्षर कळलं नाही. पण पाच मिनिटांत गल्ली रिकामी झाली आणि आमच्याभोवती भरली. टोपल्या, पराती, ओढणीचे पदर. कारखान्याची मंडळी जेवणाच्या सुट्टीत आली तोवर निम्म्या गाड्या संपल्या होत्या.

"रांगेनं घ्या, रांगेनं!" तुकाराम ओरडत होते. "ओ ताई, म्या बी हितंच हाय, गोबी बी हितंच हाय!" आणि मधेच मला, "सायेब, ही इलायती पानं कोन खानार म्हनत हुतं वो?"

"तुम्हीच."

"म्या? छ्या! येडा हुता त्यो कोन तरी."

दुपार टळायच्या आत शेवटची गाडी रिकामी झाली. चंद्राबाईंनी एक गड्डा तेवढा बाजूला ठेवला होता, भोगीच्या भाजीत टाकायला. आमच्या भागात भोगीत फ्लॉवर पडला तो बहुधा त्याच दिवशी पहिल्यांदा.

त्याच वेळी इनामदार साहेब आले. सोबत त्यांचेही वरचे अधिकारी. रिकाम्या गाड्या, गर्दी, गाडीच्या चाकाला टेकून भाकरी खाणारी वाडी, हे सगळं पाहून वरचे साहेब थक्क झाले.

"संक्रांतीच्या तोंडावर फ्लॉवर? ह्या भागात?"

इनामदार साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या वैद्यांनी गरवी जात निवडली, साहेब. सगळ्यांचा माल नाताळला येतो, ह्यांचा नंतर. मुद्दाम."

मुद्दाम. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते आज मलाही नक्की सांगता येत नाही. वरचे साहेब चंद्राबाईंकडे वळून म्हणाले, "काय बाई, खरं का? ह्यांनीच दिली ही रोपं?"

सगळी वाडी भाकरीचा घास हातात धरून थांबली. तीन आठवड्यांपूर्वी माझ्यामुळे ह्याच बाईला भर बाजारात बोल लागला होता. एक वाक्य पुरेसं होतं. तिला ते येत होतं, तिचा हक्क होता, आणि कुणी तिला अडवणार नव्हतं.

चंद्राबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "सायबांनीच दिली. त्यास्नी पानावरनं जात वळखती."

तुकारामांना ठसका लागला. वरच्या साहेबांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुढचं सरळ आहे. पिंपरीचा तो बाजार दर हिवाळ्यात भरत गेला. भामाकाठच्या आणखी वाड्या आल्या. चंद्राबाईंनी स्वतःच्या वावरात गरव्याची रोपं करायला सुरुवात केली आणि दोन वर्षांत लोक सरकारी नर्सरी सोडून त्यांच्याकडे जायला लागले. मला बढती मिळाली. खात्याच्या प्रशिक्षण वर्गात अजून सांगतात, "हंगाम पुढं नेण्याचा प्रयोग," आणि खाली माझं नाव. त्या बाजाराचा मला अभिमान आहे, तो मी लपवणार नाही. सहा घरांनी एका चुकीच्या रोपातून काय उभं केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पण प्रयोग नव्हता तो. आणि त्या सगळ्या कागदांत चंद्राबाईंचं नाव एकाच ठिकाणी होतं, माझ्या डिसेंबरच्या रिपोर्टात, 'लागवडीस काहीसा विलंब'.

इनामदार साहेब निवृत्त झाले, वारले. त्यांना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं. गेल्या वर्षी मीच त्यांच्या खुर्चीत बसलो आणि तो रिपोर्ट दुरुस्त करावा म्हणून मागवला. हेडक्लार्क म्हणाले, "साहेब, तेव्हाच्या फायली कधीच जाळल्या."

मग वाडीवर गेलो. चंद्राबाई आता साठीच्या पुढं. वाडीच्या निम्म्या जमिनीभोवती कारखान्याची तारेची कुंपणं आलीत, नातू तिथंच शिफ्टला जातो. मी सांगितलं की हे सगळं लिहून छापणार आहे, तुमच्या नावासकट. चालेल का?

त्या शेंगा सोलत होत्या.

"लिवा की. पर नुस्ती तुमची चूकच नका लिवू पानभर. तुमास्नी तवाबी सोताचंच सांगायची लई हौस, आताबी हाय. आमची गोबी कशी हुती त्ये लिवा."

लिहिलं आहे. त्यांच्या मनासारखं झालं की नाही, ठाऊक नाही.

नव्या असिस्टंटांना मी एवढंच सांगतो. चूक कळेल त्याच दिवशी बोला. त्या दिवशी ती एका वाक्यात मावते. मला वीस-बावीस वर्षं आणि एवढी पानं लागली.